फाटक कोण उघडतं

माझी भाची सबीका हिला संशय यायला कारण लागत नाही. कारण ती मागाहून शोधते, आणि सापडतंही तिला. टरबूजवाल्यानं टरबूज कापून दाखवलं, तर ती म्हणते हे दाखवायला वेगळं ठेवलेलं असणार. डॉक्टरनं गोळी बदलली, तर म्हणते नव्या गोळीवाल्यानं त्याला सहलीला नेलं असणार.

मी तिला फार दोष देत नाही. तिच्या नवऱ्यानं एकदा वीजजोडणीचा कागद आहे म्हणून तिची सही घेतली. पुढे कळलं की त्या सहीनं राहता फ्लॅट गेला, आणि फ्लॅटच्या मागोमाग नवराही गेला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. सबीका पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली. तेव्हापासून ती इथे कुर्तुबा वस्तीत बापाच्या घरी, आईजवळ राहते. तिचा धाकटा भाऊ मुसाअद बायको-मुलांसह वेगळा राहतो, आणि मी दोन घरं सोडून राहते, त्यामुळे त्या घरात काय शिजतंय ते मला चुलीवर चढण्याआधी कळतं.

सबीकाची आई म्हणजे माझी थोरली बहीण. तिला हल्ली सगळं आठवत नाही. नवरा जाऊन दोन वर्षं होतील, पण तिच्या लेखी बू मुसाअद, म्हणजे मुसाअदचे वडील, अजून बाहेर दिवानियात, पुरुषांच्या बैठकीत, मित्रांबरोबर चहा पीत बसलेत आणि आत्ता येतील. आले नाहीत की ती त्यांना शोधायला निघते. पायात चप्पल आहे की नाही याचं भान नसतं. आमच्याकडे जुलैत दुपारचा रस्ता म्हणजे तापलेला तवा. एकदा ती फाटकाबाहेर गेली की तिला परतीची वाट सापडायची नाही, म्हणून फाटक बंद राहणं हीच त्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट झाली होती. आणि फाटक होतं डब्याच्या हातात.

हा डबा माझ्या मेहुण्यांनी मोठ्या हौसेनं जिन्याखाली बसवून घेतला होता. फाटक, एसी, पडदे, दिवे, सगळं त्याच्या हुकमात. सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली की दिवानियातलं झुंबर आपोआप लागायचं. नवीन पाहुणा आला तर मेहुणे त्याला पुन्हा बाहेर पाठवून आत यायला लावायचे, दिवा कसा लागतो ते नीट बघ म्हणून. तेव्हा सगळ्या कुर्तुब्यात असा डबा दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

ईद झाली आणि वग्दी आला. वग्दी हा मिसरी कारागीर. डबा त्यानंच बसवला होता. तो बोलायला लागला की पाणी मागायलासुद्धा मध्ये जागा देत नाही. मुसाअदनं त्याला बोलावलं होतं.

"हज्जा, हा डबा बिघडलेला नाही," वग्दी मला म्हणाला.

"मग आलास कशाला?" सबीकानं विचारलं.

"तेच तर सांगतोय, बाईसाहेब. बिघडला असता तर बरं झालं असतं. बिघडलेली वस्तू माणूस मुकाट बदलतो. हा चालतोय, पण याच्या पाठीशी आता कोणी नाही. कंपनीनं हात वर केले. आजवर याच्यात कुठे भोक पडलं की कंपनी लांबून बुजवायची, आपल्याला पत्ताही लागायचा नाही. आता पडलं ते पडलं. ज्याला आत यायचंय तो येईल."

"कोण येईल?"

"ते माहीत असतं तर मी पोलिसात नसतो का गेलो?"

मुसाअद हसला. सबीका हसली नाही. "घरात पंखे तीस वर्षं चालतात," ती म्हणाली. "पंख्याच्या पाठीशी कोण असतं?"

"पंख्याला बाहेरून कोणी फोन लावत नाही, बाईसाहेब. याला जगभरातून कोणीही लावू शकतं. जुना झाला म्हणून बदला असं मी म्हणतच नाही. डबा किती वर्षांचा ते बघू नका, त्याची काळजी घेणारं कोणी उरलंय का ते बघा. उरलं नसेल तर त्याच दिवशी बदला. तारा त्याच, बटणं तीच, फक्त डबा नवा." मग तो मुसाअदकडे वळला. परक्या माणसानं घरातल्या बाईचं नाव विचारायची आमच्यात रीत नाही, त्यामुळे अशा गोष्टी पुरुषाकडे बघूनच विचारल्या जातात. "बाशा, जुन्यात मालक म्हणून वडिलांचं नाव होतं, अल्ला त्यांना जन्नत देवो. नव्यात कोणाचं टाकू? मालक एकच असतो. तो ज्याला घेईल तो आत, ज्याला काढेल तो बाहेर. एका बोटाचं काम."

"एका बोटाचं?" सबीका म्हणाली.

"एका बोटाचं!" वग्दी अभिमानानं म्हणाला. मूर्ख कुठला.

"माझं टाक," मुसाअद म्हणाला. बाप गेल्यावर मुलानं म्हणावं तसं, सवयीनं म्हणाला. पण मी सबीकाचा चेहरा बघत होते, आणि मला तिथेच कळलं की हा डबा आता काही बदलला जात नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "बाबांनी लावलाय. यम्माला नवीन काही सोसत नाही. चालतोय तोवर चालू दे."

वग्दी जाताना म्हणाला की निदान फाटकाला तोवर साधं कुलूप तरी लावा. मुसाअद म्हणाला, मी उद्याच आणतो. सबीका म्हणाली, "आणि किल्ली कोणाकडे?" शिवाय बू मुसाअदच्या फाटकाला उभ्या जन्मात कधी कुलूप लागलं नव्हतं, आलेला पाहुणा कुलूप बघून परत गेला असं कोणी म्हणू नये, हे माझ्या बहिणीनंही बजावलं. तेवढं मात्र तिला चांगलं आठवत होतं. कुलूप लावायचं राहिलं ते राहिलंच.

त्यानंतरच्याच आठवड्यात मुसाअदची बायको, हिस्सा तिचं नाव, एका माणसाला घेऊन आली. त्या माणसानं टेप काढून जिना मोजला, वरचा सज्जा मोजला, सबीकाच्या खोलीच्या दारापर्यंत येऊन थांबला. सबीका घरी नव्हती, पण मोलकरीण कुसुमा होती, आणि कुसुमानं संध्याकाळी सगळं सांगितलं.

"बघ खाला," सबीका माझ्याकडे येऊन म्हणाली. तिला बसवेनासुद्धा. "आधी नाव त्याचं, मग मोजमाप. आता घर विकायला काढतील. एक दिवस मी जमइयाच्या दुकानातून भाजी घेऊन येईन आणि फाटक उघडणारच नाही. एका बोटाचं काम."

"अगं, तुझा सख्खा भाऊ आहे तो."

"नवरा काय चुलत होता?"



मे महिन्यापासून फाटक आपोआप उघडायला लागलं. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी संध्याकाळच्या चहाला. घरघर करत सरकायचं, अर्धंमुर्धं उघडायचं आणि पुन्हा घरघर करत बंद व्हायचं. कुसुमानं कुराणातली आयत लिहिलेला कागद फाटकाच्या मोटारीवर चिकटवला. ती स्वतः बुद्धाला मानणारी, पण म्हणाली, इथल्या भुताला इथलंच औषध लागेल. मला हसू आलं. सबीकाला नाही आलं, कारण तिला भूत सापडलं होतं.

भूत म्हणजे मुसाअदचा दुसरा फोन. डब्याचं अ‍ॅप सबीकाच्या नव्या फोनवर बसत नव्हतं, कंपनीनं ते कधीच काढून टाकलं होतं. मुसाअदकडे मात्र काच तडकलेला एक जुना फोन होता आणि त्यात ते अजून चालायचं. तो हा फोन कायम खिशात घेऊन फिरायचा. आईला भेटायला आला की त्याचा एक हात त्या खिशात. सबीकानं नीट पाळत ठेवली. तो बसलेला असताना फाटक दोनदा हललं, आणि दोन्ही वेळा तो त्या फोनवर बोट चालवत होता.

"मला घाबरवतोय," ती म्हणाली. "डबा बदला म्हणून मी स्वतःहून पाया पडावं, म्हणून हे नाटक."

खरं सांगते, मलाही पटलं. तिनं सगळं असं एकाला एक लावून ठेवलं होतं की मध्ये बोट घालायला फट नव्हती.

जुलैतल्या एका शुक्रवारी सगळे नेहमीसारखे जेवायला जमले होते. पापलेट आणि भाताचं मचबूस होतं, माझ्या बहिणीच्या हातचं नसलं तरी तिच्या सांगण्यानं केलेलं. मीठ कमी पडलं होतं. ताट मध्ये ठेवलं, सगळे भोवती बसले, आणि फाटक घरघरलं. मुसाअदनं भाताचा हात वर धरला, डाव्या हातानं तो तडकलेला फोन काढला आणि अंगठा दाबला. घरघर उलटी फिरली.

"बोट लागलं वाटतं चुकून?" सबीका म्हणाली.

"बंद केलं मी."

"उघडलं कोणी? भुतानं?"

"मला काय माहीत कोणी! वग्दीनं सांगितलं नव्हतं का—"

"वग्दी तुझाच माणूस."

"सबीका, मी कचेरीत साहेबासमोर बसलेला असतो आणि हा फोन कोकलतो. मी बंद करतो. गाडी चालवताना कोकलतो, बाजूला घेऊन बंद करतो. दोन महिने मी हाच धंदा करतोय."

"वा! दोन महिने रखवाली करतोस आणि आम्हांला पत्ता नाही. एवढा पुण्यवान भाऊ कोणाला मिळतो?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? तुला घाबरवतोय असंच ना? आत्ता म्हणतेच आहेस."

"खरंच सांगतोय तो," हिस्सा म्हणाली. "मशिदीत जातानासुद्धा हा फोन माझ्याकडे देऊन—"

"तू बोलूच नकोस. आधी ती टेप कुठे ठेवलीस ते सांग."

हिस्सा लाल झाली. मुसाअदनं विचारलं, "कसली टेप?" आणि मग त्याला आठवलं. "तो जिन्यावर यम्मासाठी छोटी लिफ्ट बसवायची म्हणून—"

"हो, हो. लिफ्ट. वीजजोडणी. मला सगळी नावं पाठ आहेत."

"भांडू नका रे," माझी बहीण म्हणाली. "बू मुसाअद येतील आता, त्यांना आवडत नाही जेवताना."

मुसाअदनं हात पुसले. तो जुना फोन त्यानं भाताच्या ताटाशेजारी, सबीकाच्या पुढ्यात ठेवला. "घे. आता माझ्या हातात काही राहिलं नाही. फाटक उघडलं तर कळेल तुला, मी नव्हतो म्हणून."

"आणि नाही उघडलं तर?"

"नाही उघडलं तर मी चोर," तो म्हणाला आणि उठला. पापलेट तसंच राहिलं.

सबीकानं फोन बंद करून कपाटात ठेवला. मी म्हटलं, बरं झालं, रोजची कटकट मिटली. आणि गंमत बघा, फाटक त्या दिवशी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. सबीकानं मला फोन करून सांगितलं, आणि तिच्या आवाजात आनंद नव्हता, रडू होतं. "बघितलंस खाला? तोच होता. अल्लाशपथ, मला वाटत होतं की तो नसावा."

सोमवारी दुपार कलतानाची, असरची अजान होऊन गेली होती. कुसुमा चहा टाकत होती, सबीका वर आंघोळीला गेली होती. ती खाली आली तर आईची खुर्ची रिकामी. आतल्या दाराचा पडदा हलत होता. बाहेर फाटक सताड उघडं, आणि फाटकाच्या सावलीत एक मांजर निवांत झोपलेलं. आईच्या चपला दाराशी जिथल्या तिथे होत्या.

तिची किंकाळी मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आली. मी धावत पोचले तेव्हा ती मुसाअदला फोन लावत होती. अशा वेळी माणसानं पहिलं वाक्य काय बोलावं? ती म्हणाली, "यम्माला कुठे नेलंस?"

तिनं दोनदा "हॅलो" म्हटलं. मग ती हळूच म्हणाली, "फाटक उघडंय, मुसाअद. मी नाही उघडलं." माझ्या मनात आलंच, बैल गेला आणि झोपा केला.

मुसाअद येईपर्यंत आम्ही दोन्ही गल्ल्या धुंडाळल्या. उन्हानं डोळे फुटत होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, विचारायचं कोणाला? मुसाअदनं मात्र गाडीतून उतरायच्या आधीच आपल्या दिवानियातल्या मित्रांना कळवलं होतं. त्यांतल्या प्रत्येकानं आपापल्या भावाच्या, मेहुण्याच्या, साहेबाच्या दिवानियात फोन केला. इथे बातमी पेपरात येण्याआधी दिवानियांतून फिरते, तशीच ही फिरली. पोलीस येऊन पत्ता लिहून घेत होते, आणि तेवढ्यात मुसाअदचा फोन वाजला. सुर्र्यात, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, कुणा बू दुऐजच्या दिवानियात एक म्हातारी येऊन बसली आहे.

तो रस्ता तिनं कसा ओलांडला हे मला आजही कळलेलं नाही, आणि मी विचार करत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दिवानियाबाहेर चांगले धट्टेकट्टे पुरुष उन्हात भिंतीला टेकून उभे होते, कोणी हातात माळ घेऊन, कोणी चहाचा पेला घेऊन. आत परकी बाई आल्यावर त्यांनी सगळी बैठक तिला सोडून दिली होती. मुसाअदला बघून ते बाजूला झाले आणि सगळ्यांनी नजर खाली वळवली. आत माझी बहीण मधल्या मानाच्या जागेवर बसली होती. घरची बाई तिचे पाय पाण्याच्या घमेल्यात धरून बसली होती. तळव्यांची कातडी सोलून निघाली होती.

"यांना सांगितलं मी," बहीण आम्हांला म्हणाली. "बू मुसाअद हात धुतायत, येतीलच. पण हे लोक उगीच बाहेर जाऊन उभे राहिले. बोलाव त्यांना आत, चहा गार होतोय."

मुसाअदनं तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि तिला लहान मुलीसारखी उचलली. सबीका मागून म्हणाली, "मुसाअद..."

"आधी गाडीचं दार उघड," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वग्दी आला, नवा डबा बगलेत घेऊन. जुना त्यानं भिंतीवरून काढला तेव्हा त्याचा हिरवा दिवा अजून लागलेला होता. "याच्यात कोणीतरी घुसलं होतं," तो म्हणाला. आज तो हळू बोलत होता. "कोण, कुठून, ते कधी कळायचं नाही. तुमच्याशी त्याचं काही वैर नसणार. दार सापडलं म्हणून ढकलून बघत होता, पोरं ढकलतात तसं. मी म्हटलं होतं ना हज्जा, बिघडला असता तर बरं झालं असतं."

माझ्या बहिणीच्या पायांना पट्ट्या बांधल्या होत्या. ती कोचावर पडून वग्दीला बघत होती आणि मध्येमध्ये त्याला खजूर घे म्हणत होती.

"मालक म्हणून..." वग्दी मुसाअदकडे बघून अडखळला.

"मुसाअदचं टाक," सबीका पटकन म्हणाली. रात्रभर तिनं हेच वाक्य घोकलं असणार. "माझं काही म्हणणं नाही. सगळं त्याच्या नावावर कर."

"नको," मुसाअद म्हणाला. "लिही. सबीका, अब्दुलमोहसिनची मुलगी."

परक्या माणसासमोर त्यानं बहिणीचं नाव बापाच्या नावासकट असं उघड घेतलं. वग्दी गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली तेव्हा त्यानं लिहिलं.

"आणि तुमचा फोन जोडून देतो, बाशा. मालकीणबाईंनी एकदा होय म्हटलं की झालं."

"माझा नको."

"गेट उघडायपुरता तरी?"

"नको म्हटलं ना. ज्याच्याकडे किल्ली नसते त्याला कोणी जाब विचारत नाही." तो रागानं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो अगदी शांतपणे बोलला, दमलेल्या माणसासारखा. मग वग्दीला सोडायला म्हणून गेला, तो तसाच घरी गेला.

फाटक आता बंद असतं. कधी आपोआप हललेलं नाही. वग्दी सांगतो की नव्या डब्यालाही कंपनीची मुदत आहे, ती संपायच्या आधीच त्याला बोलवायचं, चालतोय म्हणून थांबायचं नाही. सबीकानं तारीख फोनमध्ये घालून ठेवली आहे. ती टेप लिफ्टसाठीच होती असं मुसाअद म्हणतो. लिफ्ट अजून आलेली नाही, हे सबीकानं मला परवाच सांगितलं, आणि सांगून स्वतःच जीभ चावली.

तो शुक्रवारी येतो, चुकवत नाही. बायको-मुलांना घेऊन, हातात मिठाईचा डबा घेऊन येतो आणि बापाच्या फाटकाबाहेर उन्हात उभा राहून बेल वाजवतो. सबीकाला खुर्चीतून न उठता फोनवरून फाटक उघडता येतं. ती तसं करत नाही. पायात मिळतील त्या चपला घालून ती फाटकापर्यंत चालत जाते.

मागच्या शुक्रवारी बेल वाजली तेव्हा माझ्या बहिणीनं विचारलं, "कोण पाहुणा आलाय गं?"

"पाहुणा नाही यम्मा," सबीका म्हणाली. "मुसाअद आहे."

"मुसाअद?" बहीण म्हणाली. "मग तो बेल कशाला वाजवतो?"

सबीका दारातच थांबली. बेल पुन्हा वाजली, तेव्हा ती गेली.